कुलूप लावलेल्या घरातले पाच समाधानी

सुलतानपूरच्या पुढच्या एका गावात, बाहेरून कुलूप असलेल्या घरातल्या पाच माणसांना मी सरकारी सेवांबद्दल ‘समाधानी’ ठरवून टाकलं. कुटुंबप्रमुखाचं नाव माझ्या मनानं लिहिलं, वय बावन्न लिहिलं, धंदा शेती लिहिला. एक मुलगी कॉलेजात घातली. त्या घरात पाच माणसं नव्हती, शेती नव्हती, आणि ती मुलगी तर फॉर्म जरा भरलेला दिसावा एवढ्यासाठीच मी जन्माला घातली होती. गावाचं नाव सांगत नाही. त्या रस्त्यानं मला अजून कधीमधी जावं लागतं.

हे सगळं एका सहीसाठी केलं, आणि ती सही होती सरांची.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्याच्या खालच्या अंगाला, एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत कारकून होतो. घर शेगावला, जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला. जिल्हा एकच, पण मधे दोन एसट्या आणि जवळजवळ अख्खा दिवस. आई-वडील, भाऊ सगळे तिकडे. इकडे मी, भाड्याची एक खोली आणि दोन वेळा येणारा मेसचा डबा. बाहेरून परीक्षा देऊन लोकप्रशासनाची एम.ए. केली, तर खात्यातल्या वरच्या जागेसाठी अर्ज करता येत होता, आणि वरची एक जागा शेगावातच रिकामी होणार होती. बाकीचे पेपर सुटले. अडलं एकाच ठिकाणी. संख्याशास्त्र. तो पेपर आम्हा कारभारवाल्यांना आणि एम.बी.ए.वाल्यांना सामाईक होता, आणि त्यात मी एकदा सपशेल आपटलो होतो. या खेपेला एक प्रकल्प करायचा होता. त्याच्यावर सरांची सही झाली तर घर. नाही झाली तर आणखी एक वर्ष डबा.

सर उमेदीत आकडे गोळा करणाऱ्या सरकारी खात्यात होते. कुठं पेरा किती, विहिरी किती, बैल किती, हे मोजण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते दर शनिवारी आमच्या केंद्रावर शिकवायला येऊ लागले. केंद्र म्हणजे एका कॉलेजातली मागची खोली. उंच, वाळकं शरीर, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खिशाला दोन पेनं, एक निळं, एक हिरवं. लोक फॉर्मातल्या प्रश्नाला जे उत्तर देतील ते निळ्यानं लिहायचं. लोक जे बोलले, पण फॉर्मात ज्याला जागाच नव्हती, ते हिरव्यानं. त्यांची हिरवी पेनं लवकर संपत.

ते कोणाला नावानं हाक मारत नसत. हजेरीपटावर माझा नंबर सात होता, म्हणून मी ‘सात’. पहिल्या दिवशी मला जरा अपमान वाटला. पुढं लक्षात आलं, की त्या गावात मला दिवसभरात हाक मारणारी माणसं एकूण तीन. साहेब मला ‘अहो’ म्हणायचे, मेसवाला ‘डब्बा’ म्हणायचा. त्यांच्यापेक्षा सात बरं.

वर्ग सुरू झाला तेव्हा आम्ही अकरा होतो. बँकेतले, शाळांतले, एक ग्रामसेवक, एक औषधाच्या कंपनीचा. प्रमाण विचलन येईपर्यंत सात उरले. संभाव्यतेला तीन. गृहीतकांच्या चाचणीला मी एकटाच. विषयाची गोडी लागली होती असं नाही. केंद्रावरचा पंखा माझ्या खोलीतल्या पंख्यापेक्षा बरा होता.

तरी सर हजेरी अकरा जणांची घेत. ‘एक नंबर.’ मग थांबायचे, दाराकडे बघायचे, खूण करायचे. ‘दोन नंबर.’ पुन्हा दार. रिकाम्या बाकांसमोर हा कार्यक्रम चांगला पाच मिनिटं चाले. ‘सात’ आलं की मी ‘हजर’ म्हणायचो, आणि माझाच आवाज भिंतीवरून परत यायचा.

एकदा मी न राहवून म्हटलं, ‘सर, मी एकटाच तर आहे. एकदम लिहून टाका ना.’

‘तू हायेस हे मले दिसते,’ सर म्हणाले. ‘पण दहा जण नाहीत, हे लिहावं लागते. न आलेला माणूस आलेल्यापेक्षा जास्त सांगते, सात.’

‘काय सांगतो, सर?’

‘थे मले समजलं असतं, तं तो आला नसता का?’

माझं गणित काय लायकीचं होतं, हेही सांगून टाकतो. एकदा कचेरीत दिवसभरात किमान एक तक्रार येण्याची संभाव्यता काढायची होती. मी पानभर आकडेमोड करून उत्तर काढलं, एक पूर्णांक चार. संभाव्यता एकच्या वर जात नाही, हे पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात आहे; तो धडा मी सोपा म्हणून सोडला होता. सरांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

‘एक पूर्णांक चार,’ ते अगदी शांतपणे म्हणाले. ‘मंजे तक्रार येणारच. आन् आल्यावरही अजून थोडी येत राहणार.’ मग जरा विचार करून म्हणाले, ‘तुह्या कचेरीचं पाह्यलं तं चूक नाही वाटत.’

सरांच्या शर्टाच्या वरच्या खिशात, पेनांच्या मागं, एक घडी घातलेला कागद असे. प्लॅस्टिकमधे घातलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर नुसते आकडे. ओळीच्या ओळी, कशाचा कशाला पत्ता नाही असे. पुस्तकात त्याला यादृच्छिक संख्यांचा तक्ता म्हणतात. सर ‘आकडेपान’ म्हणत. सर्व्हेत कोणती घरं घ्यायची ते या पानावरून ठरवायचं असतं, म्हणजे आपली आवडनिवड मधे येत नाही. इथपर्यंत पुस्तकात आहे. सर मात्र त्याच्यावर सगळंच ठरवत. बसस्टँडजवळ चहाच्या चार टपऱ्या होत्या. सर स्टँडवर उतरले, की पान काढायचे, डोळे मिटून बोट ठेवायचे, आणि निघेल त्या नंबरच्या टपरीवर जायचे. तिसऱ्या टपरीचा चहा म्हणजे गरम पाण्यानं पातेल्याची विचारपूस केलेली. पण तीन निघाला, तर तीन. टपरीवाले त्यांना लांबून येताना पाहून एकमेकांना म्हणायचे, ‘आज कोनाचा नंबर लागते पाह्य बे.’

भाजीचंही तेच. एका आठवड्यात त्यांना चार वेळा ढेमसं निघालं. चारही वेळा खाल्लं.

‘सर, तुम्हाला ढेमसं आवडतं का?’

‘नाही ना बे.’

‘मग पुन्हा बोट ठेवायचं.’

सर माझ्याकडे असं बघत राहिले, की जणू मी त्यांना लाच घ्यायला सांगितली. ‘आपल्या मर्जीनं निवडाले बसलो, की माणूस फिरूनफिरून स्वतःच्याच घरी येते. मंग दुनिया कोन पाहणार? तुहा बाप?’

प्रकल्पाला निघण्याआधी सरांनी मला माझ्याच घराचा फॉर्म भरायला सांगितलं. सराव म्हणून. पहिलाच प्रश्न: कुटुंबात किती माणसं? मी लिहिलं, चार.

‘कुठी हायेत चार?’

‘शेगावला, सर. मी इथं असतो, पण कुटुंब...’

‘कुटुंब मंजे एका चुलीवर जेवणारे. पुस्तकात काय लिहिलं? काल रातच्याले तुह्या चुलीवर कोन जेवलं?’

‘माझी चूलच नाही, सर. डबा येतो.’

सरांना मनापासून प्रश्न पडला. चूल नाही म्हणजे कुटुंब शून्य माणसांचं. पण शून्य माणसांच्या कुटुंबातला एक माणूस समोर बसलेला. शेवटी त्यांनी माझा ‘चार’ आपल्या हातानं खोडला आणि वर ‘एक’ लिहिलं. मला राग आला होता. खोलीवर जाऊन मी आईला फोन केला, आणि काही कारण नसताना तिच्याशी वसकन बोललो.

मग ती घरं. गावाच्या यादीतून आकडेपानावर तीस घरं काढली. प्रत्येक घरी जाऊन विचारायचं: दाखला मिळायला किती फेऱ्या पडतात, नळ, रस्ता, दिवे कसे आहेत, आणि एकूण तुम्ही अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी की अत्यंत असमाधानी. कचेरी असल्यामुळं आठवडा गेला, शनिवारी वर्ग, म्हणून गावात जायला रविवारच. दोन रविवारांत एकोणतीस घरं झाली. लोक चांगले होते. कोणी चहा पाजला, कोणी मला वीज मंडळाचा समजून झापलं, एका बाईनं ‘तटस्थ म्हणजे काय’ हे मला चार वेळा विचारलं आणि शेवटी ‘तुमाले जे बरं वाटते थे लिहा’ म्हणाली. राहिलं एकशे बाराव्या नंबरचं घर. दोन्ही रविवारी कुलूप.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. शेवटची एसटी पाच वाजताची. म्हटलं, तिसात एक घर. कोण बघतंय?

शनिवारी सरांनी तीस फॉर्म एकापाठोपाठ एक बघितले. मग परत तेविसाव्याशी येऊन थांबले. फॉर्म उजेडाकडे धरला, मागून बघितला, वास घेतल्यासारखं केलं.

‘हा फॉर्म लय स्वच्छ हाये, सात.’

‘अक्षर नीट काढलं, सर.’

‘एकोणतीस फॉर्मांवर खाडाखोड हाये. यावर चायचा डाग, यावर पोराची रेघ. एका बाईनं वय तीनदा बदललं. खरा माणूस अशा खाडाखोडीत बोलते. हे तुहे पाच जण न अडखळता बोलले?’ मग त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. ‘आन् ही पोरगी. कोन्या कॉलेजात हाये?’

मला कॉलेजाचं नावही सुचेना. सरांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फॉर्मच्या चार घड्या केल्या, पिशवीत टाकला, आणि म्हणाले, ‘एकशे बारा खरं भरून आलं, की सही. शेवटची तारीख पावणेदोन महिन्यांवर हाये. उद्या जाऊ.’

‘तुम्ही पण येता, सर?’

‘तं काय. तुह्यावर सोडलं, तं तू त्या घराले नातू आणशीन.’

अशा तऱ्हेनं आमचे रविवार सुरू झाले.

आम्ही सकाळच्या गाडीनं निघायचो. एकशे बाराला कुलूप असायचं. मग घराच्या ओट्यावर दोघं बसायचो, पाचच्या गाडीपर्यंत. समोरच्या ओट्यावर एक म्हातारा बसलेला असे, सारं गाव त्याला आबा म्हणे. पहिल्याच रविवारी मी त्याला विचारलं, ‘आबा, या घरातली माणसं कुठं गेली?’

‘माणसं कायची? एकटी चाची हाये, चुडीवाली. बाजारात गेली.’

म्हणजे माझ्या पाच माणसांपैकी चार जागेवरच वारले. सरांनी तेवढं वहीत लिहिलं.

‘केव्हा येतील?’

‘दिवस बुडता.’

दिवस बुडता येणाऱ्या बाईची पाचच्या गाडीनं जाणारे लोक वाट बघतायत, यात काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं. पण मी म्हटलं, एखाद्या रविवारी बाजाराला नाही जायची. दुखणंबिखणं येतं माणसाला. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, ‘आबा, चाची कुठं गेली?’ ‘बाजारात गेली.’ त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. गावाला आमची सवय झाली. ‘आले का चाचीचे जावई!’ असं कोणीतरी ओरडायचं. चौथ्या रविवारी एका घरातून आम्हाला पाण्याचा तांब्या न मागता आला. तांब्या ठेवताना ती बाई म्हणाली, ‘सोयरे हायेत का वसुलीवाले, कायी समजत नाही बा.’

कचेरीत सगळे विचारायचे, रविवारी जातोस कुठं? मी उसासा टाकून सांगायचो, ‘म्हातारा एकटा आहे रे. कोणीतरी सोबत लागतं.’ मला ते वाक्य फार आवडायचं. ते म्हणताना आपण जरा उंच झाल्यासारखं वाटे. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, हे मला ऐकून ठाऊक होतं. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांना कधीकधी फोन यायचा. पलीकडून एका बाईचा चढा आवाज. सर म्हणायचे, ‘नाही ना ताई, याही रविवारी नाही जमत. तू जेवून घे. हो, पोरायले सांग, मामा पुढच्या खेपेले येईन. काम हाये इथी.’ फोन ठेवून ते ओट्यावरची धूळ झटकत बसायचे. मी मनात म्हणायचो, काम! कुलपाकडे बघण्याचं काम! बहिणीपुढं इभ्रत राखायला माणूस काय काय सांगतो. मग मला त्यांची आणखीच कीव यायची, आणि मी त्यांना माझ्यातले शेंगदाणे द्यायचो.

तिथं बसून सर फारसं शिकवत नसत. समोरून कोण गेलं ते मोजायचे. एकदा म्हणाले, ‘तीन तासात एकोणीस माणसं गेली. त्यातले अकरा तुह्याकडं पाहून हासले.’ एकदा मी विचारलं, ‘सर, तुम्हाला कंटाळा येत नाही?’ सर म्हणाले, ‘येते ना. पण कंटाळाच तं हाये, तो काय चावते?’ एवढं बोलून दीड तास गप्प. मीही गप्प. खोलीवरही मी रविवारी गप्पच असायचो, पण इथल्या गप्प बसण्यात शेजारी कोणाच्या तरी श्वासाचा आवाज असे. हे तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता लिहितोय.

सरांना जाऊन आता काही वर्षं झाली. बातमी कळली, तेव्हा ती कोणाला तरी सांगावीशी वाटली, आणि सांगायला माझ्याकडे सरांना ओळखणारं कोणी नव्हतं. शनिवारी मी नुसते आकडे ऐकले होते; हजेरीपटावरची नावं केंद्रावर जाऊन उतरवून आणली. इकडून तिकडून दहाही जणांचे फोन नंबर मिळवले आणि ओळीनं फोन लावले. चौघांनी उचलले. एकाला सर आठवेनात. एक म्हणाला, ‘ते हजेरीवाले का? अरे अरे.’ तिसरा गाडी चालवत होता. चौथ्यानं विचारलं, ‘तुम्ही कोण?’ मी म्हटलं, ‘सात नंबर.’ त्यानं फोन ठेवला.

तर, सातवा रविवार. शेवटची तारीख दहा दिवसांवर आलेली. शेगावच्या जागेसाठी आणखी कोणी अर्ज केल्याची कुणकुण होती. आईनं फोनवर विचारलं होतं, ‘येणार ना रे पक्का? खोलीत कपाट ठेवू का तुझ्यासाठी?’ आणि मी कुलपासमोर बसलेलो. माझा धीर सुटला. मी रस्ता ओलांडून आबांपुढं उभा राहिलो आणि हात जोडले.

‘आबा, पाया पडतो. ही बाई घरी असते तरी केव्हा?’

‘बुधवारी,’ आबा म्हणाले. ‘बुधवारी बाजार नसते तिचा. दिवसभर घरीच राह्यते.’

‘अहो मग सात रविवार आम्ही इथं बसलोय! सांगितलं काऊन नाही?’

‘तू इच्यारलं काऊन नाही? तू रोज इच्यारे, चाची कुठी गेली. मी सांगे, बाजारात गेली. खोटं सांगतलं काय?’

मी वळून बघितलं. सर ओट्यावर वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर केली नाही.

बुधवारी मी रजा टाकली. घरी जायला म्हणून रजा जपून ठेवल्या होत्या, त्यातली एक. रजा खर्च होऊ नये म्हणून तर मी रविवार धरून बसलो होतो. सर आले नाहीत. म्हणाले, ‘तुहा फॉर्म, तू भर.’

दार उघडं होतं. ते दार मी पहिल्यांदाच उघडं बघत होतो, त्यामुळं आत जायला उगीच संकोच वाटला. चाची साठीच्या घरातली, बारीक चणीची, समोर बांगड्यांच्या पेट्या उघडून रंग वेगळे करत बसलेली. मी फॉर्म काढला तशी ती हसली.

‘आओ बेटा. पर मी तं सब सांगितलं ना वो मास्तरले?’

‘कोणत्या मास्तरला?’

‘वो लंबेवाले. दो पेनवाले. पाच-सा हप्ते झाले. बुधवारलेच आले होते. चाय पिऊन गेले, बहोत अच्छे आदमी. बोले, मेरा एक लडका आयेगा, उसको भी सब बराबर बताना.’

मी बोटांवर मोजलं. पाच-सहा आठवडे. म्हणजे फार तर दुसरा रविवार झाला, आणि लगेच बुधवारी सर येऊन फॉर्म भरून गेले होते. त्यानंतरचे पाच रविवार, ते ऊन, तो तांब्या, ‘चाचीचे जावई’, सगळं, हे घर बुधवारी उघडं असतं हे माहीत असलेल्या माणसानं माझ्या शेजारी बसून काढलं होतं.

‘बेटा, पूछ ना,’ चाची म्हणाली.

‘घरात किती माणसं?’

‘एक. लिख, एक.’

लिहिलं. मग शेवटचा प्रश्न. सरकारी सेवांबद्दल तुम्ही समाधानी की असमाधानी? चाचीनं हातातली बांगडी खाली ठेवली.

‘कचेरी उघडी राह्यते तवा मी बाजारात. बुधवारले गेली, तं म्हणतात साहेब मीटिंगले गेले. मी तं त्यायले कधी पाह्यलंच नाही, बेटा. भले हायेत का बुरे हायेत, मी कैसे सांगू?’

पाच चौकोन होते. एकातही ते बसेना. मी ते फॉर्मच्या कडेला लिहिलं, दोनदा खोडून. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या एकोणतीस फॉर्मांवर बहुतेक लोक समाधानी होते, आणि ते सगळे रविवारी दुपारी घरी सापडणारे होते. ज्यांना रविवारीही उसंत नव्हती, त्यांच्या दाराला कुलूप होतं. नमुना-निवडीच्या अख्ख्या धड्याचा अर्थ मला तेव्हा समजला, आणि परीक्षेत त्यावरच पाच गुणांचा प्रश्न आला. असो.

परतीच्या एसटीत आधी मी चिडलो. मग विचार करत गेलो, तशी चीड उतरली आणि त्या जागी मोठेपणा आला. म्हातारा एकटा. घर खायला उठत असणार. फॉर्म झाला हे सांगितलं असतं, तर रविवार संपले असते. बिचाऱ्यानं सोबतीसाठी लपवलं. गाडी स्टँडवर पोचेपर्यंत मी सरांना पुरतं माफ करून टाकलं होतं, आणि ते त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही ठरवलं होतं.

शनिवारी मी फॉर्म पुढं ठेवला. सरांनी फाइलमधून त्यांचा फॉर्म काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ओळीनं ताडून बघितले.

‘मले वय अठ्ठावन सांगितलं, तुले साठ. बाकी सगळं सारखं.’ त्यांनी प्रकल्पाचं पहिलं पान उघडलं आणि झोकदार सही केली. ‘घे. जाय शेगावले.’

सही समोर होती. शेगाव, आई, कपाट, सगळं त्या सहीत होतं. आता बोलायला हरकत नव्हती. मी आवाज शक्य तितका मऊ केला.

‘सर, एक सांगू? राग मानू नका. तुम्हाला रविवारी सोबत हवी होती, तर सरळ सांगायचं. मी आलोच असतो.’

सरांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघितलं, कोरा फॉर्म बघावा तसं.

‘मले सोबत?’ ते म्हणाले. ‘मले जायाले बहिणीचं घर होतं, बे. तुलेच कोणी नव्हतं.’